दोन घोड्यांसह ट्रेलरमध्येच वर्षभर राहायचे आहे : ट्रक, मुक्काम आणि कागदपत्रांविषयी मार्गदर्शन हवे

रानजाई

नमस्कार. आम्ही दोघे ओहायो राज्यात कोलंबसजवळ राहतो आणि आमचे दोन घोडे गावाबाहेरच्या एका पागेत भाड्याने ठेवलेले आहेत. एक सोळा वर्षांचा, क्वार्टर हॉर्स जातीचा, अतिशय शांत घोडा. दुसरी नऊ वर्षांची, थोडी बुजरी घोडी. मुले शिक्षणासाठी बाहेर पडली आहेत, यजमानांचे काम पूर्णपणे घरून चालते आणि माझी नोकरी या उन्हाळ्यात संपते आहे. ऑगस्टमध्ये भाडेकरार संपला की तो पुन्हा करायचा नाही आणि पुढच्या भागात माणसांना राहण्याची सोय व मागच्या भागात घोड्यांचे कप्पे असलेला ट्रेलर घेऊन वर्षभर फिरतीवर राहायचे, असा विचार जवळजवळ पक्का झाला आहे.

आम्ही पाहिलेला ट्रेलर वापरलेला, ॲल्युमिनियमचा, तीन घोड्यांचा, तिरप्या कप्प्यांचा आणि गूजनेक जोडणीचा, म्हणजे पुढची मान ट्रकच्या मागच्या हौद्यात जोडली जाणारा, आहे. मधली भिंत तिरपी असल्याने राहण्याच्या खोलीची लांबी एका बाजूला कमी, म्हणजे 11 फूट आहे. तिसऱ्या कप्प्यात गवत आणि सामान ठेवता येईल असे वाटते. आमच्याकडे पाऊण टनी म्हणतात त्या वर्गातली डिझेल पिकअप आहे आणि ती हा ट्रेलर सहज ओढेल, असे विकणाऱ्याने सांगितले. ते कितपत खरे आहे? रात्री घोडे कुठे आणि कसे ठेवावेत? एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाताना कोणती कागदपत्रे लागतात? आम्हा दोघांकडे ग्रीन कार्ड आहे, त्यामुळे कायमचा पत्ता नसण्याने काही अडचण येईल का, हेही जाणून घ्यायचे आहे.

या सगळ्याहून मोठी काळजी घोड्यांच्या प्रकृतीची आहे. पागेतल्या मैत्रिणी म्हणतात, की घोड्याला ओळखीची जागा आणि ओळखीची दिनचर्या लागते आणि सततच्या प्रवासाने तो खंगतो. असे राहणाऱ्या किंवा राहिलेल्या कोणी सविस्तर लिहिले तर फार उपकार होतील.

खडीवाट

ताई, मी आणि माझी पत्नी काही वर्षांपासून असेच राहतो आहोत, म्हणून आधी ट्रकविषयी लिहितो, कारण तिथे हिशेब चुकला तर पुढच्या गोष्टींना अर्थ उरत नाही.

"ओढेल का" या प्रश्नाचे उत्तर जवळजवळ नेहमी "हो" असेच मिळते, कारण आजच्या डिझेल इंजिनांत ताकद भरपूर असते. खरा प्रश्न ट्रकच्या पाठीवर किती भार येतो हा आहे. रिकामा ट्रेलर साधारण 10,500 पौंडांचा धरा. दोन घोडे मिळून 2,200 पौंड. घरासाठी 30 आणि घोड्यांसाठी 50 गॅलन पाणी घेतले, तर गॅलनला सुमारे 8.3 पौंडांप्रमाणे 660 पौंड झाले. गवताच्या दहा गाठी 550 पौंडांच्या आसपास जातात. खोगिरे, कपडे, स्वयंपाकघर आणि गॅसचे सिलिंडर मिळून आणखी 800 तरी होतात. ही बेरीज 14,700 पौंडांच्या पुढे जाते, आणि गूजनेक ट्रेलरच्या वजनाचा 20 ते 25 टक्के भाग थेट ट्रकच्या मागच्या ॲक्सलवर उतरतो, म्हणजे जवळपास 3,000 ते 3,700 पौंड. तुमच्या ट्रकच्या चालकाच्या बाजूच्या दरवाज्याच्या चौकटीवर एक स्टिकर असतो, त्यावर माणसे आणि सामान मिळून किती वजन चालेल ते छापलेले असते. पाऊण टनी डिझेल ट्रकवर हा आकडा बहुधा 2,000 ते 2,500 पौंडांच्या दरम्यान असतो. तुम्ही दोघे आत बसण्याआधीच मर्यादा ओलांडली जाते. त्यामुळे एक टनी आणि मागे चार चाके असलेला ट्रक घ्या किंवा लहान ट्रेलर पाहा, असे मी अगदी आग्रहाने सांगेन. कोणताही निर्णय घेतला तरी सगळे भरून, घोडे चढवून, एखाद्या ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केल या वजनकाट्यावर प्रत्येक ॲक्सलचे वजन करून पाहा.

वापरलेला ट्रेलर घेताना लोक आतले लाकूडकाम आणि गादी पाहतात. तुम्ही मागच्या भागातल्या रबरी चटया उचलायला लावा. घोड्यांचे मूत्र चटयांखाली साचून ॲल्युमिनियमला पांढरी भुकटी धरते आणि खड्डे पडतात. ते हाताला लागतात, म्हणून बोट फिरवून पाहा आणि नंतर खाली आडवे होऊन ट्रेलरच्या तळाला आधार देणाऱ्या पट्ट्याही टॉर्चने तपासा. टायरवर त्याच्या निर्मितीचा आठवडा आणि वर्ष चार अंकांत कोरलेले असते. नक्षी नवी दिसत असली तरी पाच-सहा वर्षांपूर्वीचे टायर घोडे नेण्यासाठी ठेवू नयेत. बेअरिंगची देखभाल दर वर्षी करावी लागते. ट्रेलर सुटला तर आपोआप ब्रेक लावणारी जी छोटी बॅटरी असते, ती बहुतेक वापरलेल्या ट्रेलरमध्ये मेलेली सापडते.

ट्रेलर हे तुमचे घर असले तरी तीच तुमच्या घोड्यांची रुग्णवाहिकाही आहे, हे मांडणी करताना विसरू नका. रात्री दोन वाजता घोडी आजारी पडली तर पंधरा-वीस मिनिटांत सगळे आवरून, ट्रक जोडून निघता आले पाहिजे. म्हणून आम्ही तंबू, खुर्च्या, गालिचे असा पसारा मांडत नाही, जोडणीच्या समोर काही ठेवत नाही आणि जवळच्या घोड्यांच्या रुग्णालयाचा पत्ता पोहोचल्यादिवशीच कागदावर लिहून दाराला लावतो. रस्त्यात ट्रक बंद पडला, तर नेहमीच्या मदत योजना बहुधा घोडे आत असलेला ट्रेलर ओढत नाहीत. यूएस रायडरसारखी, घोडेवाल्यांसाठीच असलेली योजना घेऊन ठेवा.

अश्विनीकुमार

मी परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलो आणि इथल्या परीक्षा देऊन गेली बरीच वर्षे केंटकीत घोड्यांवर उपचार करतो. रानजाई ताईंच्या मैत्रिणींचे म्हणणे मी पूर्णपणे नाकारणार नाही. घोड्याला दिनचर्या लागते हे खरेच आहे, मात्र जागा बदलली तरी दिनचर्या सांभाळता येते. खाण्याच्या वेळा, गवत, सोबतचा घोडा आणि खरारा करणारा हात तोच राहिला, तर बहुतेक घोडे नवी जागा दोन-तीन दिवसांत स्वीकारतात. सोळा वर्षे हे काही म्हातारपण नव्हे. सांधे आणि दात एकदा नीट तपासून घ्या, एवढेच.

प्रवासाचा खरा धोका फुप्फुसांना असतो. घोडा मान खाली घालूनच आपला श्वसनमार्ग साफ करतो. डोके वर बांधलेल्या अवस्थेत तो तासन्‌तास उभा राहिला, की गवताची धूळ आणि जंतू आतच उतरत जातात आणि फुप्फुस व त्याभोवतीच्या आवरणाला सूज येते. याला इथे शिपिंग फीव्हर म्हणतात आणि तो जिवावर बेततो. म्हणून दोर शक्य तितका सैल ठेवा, दर तीन-चार तासांनी थांबून वीस-पंचवीस मिनिटे मान पूर्ण खाली सोडू द्या, पाणी दाखवा आणि एका दिवसात आठ तासांहून अधिक रस्ता कापू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी ताप पाहण्याची सवय लावून घ्या. निरोगी घोड्याचे तापमान साधारण 99 ते 101.5 अंश फॅरनहाइट असते. लांबच्या प्रवासानंतर ते 102 च्या वर गेले आणि घोडा गवताला तोंड लावत नसेल, तर संध्याकाळपर्यंत वाट न पाहता डॉक्टरांना बोलवा.

दुसरा धोका पोटशुळाचा. हजार पौंडांचा घोडा दिवसाला 15 ते 20 पौंड सुके गवत खातो आणि त्याच्या आतड्यातले जंतू त्याच गवताला सरावलेले असतात. गवत एकाएकी बदलले की सगळा तोल जातो. त्यामुळे जुने गवत दहा दिवस पुरेल इतके शिल्लक असतानाच नवे विकत घ्यावे आणि ते रोज थोडे थोडे वाढवत मिसळावे. पाण्याचेही तसेच आहे. अनोळखी पाण्याच्या वासाने कित्येक घोडे पिणेच सोडतात आणि कोरड्या पडलेल्या आतड्यात चारा अडकतो. निघण्यापूर्वी घरीच पाण्यात थोडी काकवी मिसळून ती चव अंगवळणी पाडली, तर पुढे कुठल्याही नळाचे पाणी त्याच चवीचे करून देता येते.

रोज सकाळी चहाआधी लीद पाहा. किती ढीग आहेत, गोळे ओलसर आहेत की कोरडे आणि लहान, त्यांवर चिकट पडदा आहे का, हे पाहायला दोन मिनिटे लागतात आणि त्यातून बरेच कळते. फ्लोरिडा किंवा ॲरिझोनाच्या वाळूवर हिवाळा काढणार असाल, तर लिदीचे पाच-सहा गोळे पारदर्शक पिशवीत पाण्यात विरघळवून पिशवी टांगून ठेवा. तळाशी वाळूचा थर बसला, तर घोडा चाऱ्याबरोबर वाळू गिळतो आहे. त्यावर इथे जे सिलियम देतात ते आपल्या घरातले इसबगोलच आहे. मात्र प्रमाण तुमच्या डॉक्टरांकडून ठरवून घ्या आणि चारा जमिनीवर न टाकता पाटीत किंवा चटईवर द्या.

नैर्ऋत्येकडच्या राज्यांत अल्फाल्फा, म्हणजे लसूणघास, घेताना गाठ उघडून पाहावी. त्यात ब्लिस्टर बीटल नावाचे भुंगे कापणीत चिरडून वाळलेले असू शकतात आणि मेलेल्या भुंग्यांतले विषही घोड्याला पुरते. पहिल्या कापणीच्या गवतात हा धोका बराच कमी असतो.

संसर्गाबद्दल एक कळकळीची विनंती आहे. 2011 साली युटामधल्या ऑग्डेन येथे झालेल्या एका स्पर्धेतून परतलेल्या घोड्यांबरोबर मज्जासंस्थेवर परिणाम करणारा हर्पिस विषाणू अनेक राज्यांत पसरला होता. त्यामुळे सार्वजनिक हौदात घोड्याला तोंड घालू देऊ नका, आपल्याच बादल्या वापरा, नळीचे तोंड बादलीत बुडवू नका आणि अनोळखी तबेल्याच्या गव्हाणी व दारे जंतुनाशकाने पुसून मगच घोडा आत घ्या. धनुर्वात, रेबीज, वेस्ट नाईल आणि पूर्व-पश्चिम मेंदूज्वर या लसी सर्वच घोड्यांना लागतात. फ्लोरिडात डास वर्षभर असल्याने तिथे मेंदूज्वराची लस अनेक डॉक्टर वर्षातून दोनदा देतात.

सीमोल्लंघन

कागदपत्रांचे मी लिहितो. राज्याची हद्द ओलांडताना बहुतेक ठिकाणी दोन कागद लागतात. पहिला म्हणजे कॉगिन्स चाचणीचा निकाल, म्हणजे घोड्याला संसर्गजन्य रक्तक्षयाची बाधा नसल्याचा पुरावा. तो सहसा बारा महिने चालतो, पण काही राज्यांना सहा महिन्यांच्या आतला हवा असतो. दुसरे पशुवैद्याचे आरोग्य प्रमाणपत्र, ज्याची मुदत साधारण 30 दिवसांची असते. कायम फिरणाऱ्यांना हीच मुदत जाचते. काही राज्यांनी आपसांत सहा महिन्यांचे प्रमाणपत्र मान्य केले आहे, त्याची चौकशी तुमच्या पशुवैद्याकडे करा. फ्लोरिडात शिरताना आणि बाहेर पडताना कृषी तपासणी नाक्यावर ट्रेलर थांबवावाच लागतो. न थांबता पुढे जाणे हा तिथे गुन्हा आहे. कोलोरॅडो, वायोमिंग, मॉन्टाना यांसारख्या पश्चिमेकडच्या राज्यांत मालकी तपासणारी ब्रँड इन्स्पेक्शनची पद्धत आहे, म्हणून खरेदीची पावती, नोंदणीपत्र आणि दोन्ही बाजूंनी काढलेली घोड्यांची छायाचित्रे जवळ ठेवा.

ग्रीन कार्डधारकाने पत्ता बदलल्यावर 10 दिवसांत इमिग्रेशन खात्याला कळवणे बंधनकारक आहे. नागरिकत्वाचा अर्ज करायचा असेल, तर ज्या राज्यातून किंवा जिल्ह्यातून तो करायचा तिथे अर्जापूर्वी किमान 3 महिने वास्तव्य लागते, म्हणून तो अर्ज जवळ आला असेल तर निघण्याआधीच उरकून टाकावा, असे मला वाटते. हा धागा वाचणाऱ्या एच-1बी धारकांनी मात्र या जीवनपद्धतीचा विचार लांबच ठेवावा, कारण त्यांची परवानगी कामाच्या ठरावीक ठिकाणाशी बांधलेली असते.

कायम फिरणारे लोक साउथ डकोटा, टेक्सास किंवा फ्लोरिडा यांपैकी एक राज्य कायदेशीर निवासासाठी निवडतात, कारण तिथे राज्याचा आयकर नाही आणि टपाल पुढे पाठवण्याच्या सोयी चांगल्या आहेत. मात्र टेक्सासचे रहिवासी झालात आणि ट्रक व ट्रेलरची मिळून नोंदलेली क्षमता 26,000 पौंडांच्या वर गेली, तर व्यवसाय नसतानाही ए वर्गाचा परवाना काढावा लागतो. खडीवाट यांनी सांगितलेला मोठा ट्रक घेतलात, तर तुम्ही या मर्यादेच्या अगदी जवळ किंवा पलीकडे असाल. यजमानांच्या कंपनीकडून, वेगवेगळ्या राज्यांतून काम करण्यास लेखी संमती घ्या. तोंडी होकार करांच्या वेळी कामाला येत नाही.

रानजाई

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने आणि तपशिलाने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. दरवाज्यावरचा स्टिकर आज पाहिला. आमच्या ट्रकची मर्यादा 2,240 पौंड निघाली. त्यामुळे ट्रेलरचा व्यवहार तूर्त थांबवला आहे आणि एक टनी ट्रकची चौकशी सुरू केली आहे. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे काकवीचे पाणी घोड्याने लगेच प्यायले, घोडी अजून हुंगून मागे सरकते.

खडीवाट दादा, दोन गोष्टी राहिल्या. रात्री घोडे बांधण्याची पद्धत, आणि यजमानांना सोमवार ते शुक्रवार इंटरनेट लागत असताना हिंडण्याचा बेत कसा आखावा.

खडीवाट

या दोन्ही गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत. घोड्यांना सावली हवी असते, म्हणून जंगलातले घोडेतळ झाडांत वसलेले असतात, आणि उपग्रहाच्या इंटरनेटला मोकळे आकाश लागते. आम्ही कामाचे आठवडे जत्रेच्या मैदानांवर किंवा वीज-पाणी देणाऱ्या खासगी रँचवर काढतो आणि सुटी जोडून जंगलात जातो. जत्रेची मैदाने जवळजवळ प्रत्येक काउंटीत आहेत, तिथे पक्के तबेले असतात आणि जत्रा नसताना बऱ्याच ठिकाणी मुक्काम करू देतात. राष्ट्रीय वनांत आणि बीएलएमच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या भूव्यवस्थापन खात्याच्या, जमिनीवर बहुतेक ठिकाणी 14 दिवसांची मर्यादा असते, तेव्हा तिथे कायम तळ ठोकता येणार नाही. रोज नवे गाव असा बेत मुळीच करू नका. एका ठिकाणी निदान दोन आठवडे राहिलात, तर घोड्यांची प्रकृती, यजमानांचे काम आणि तुमची झोप तिन्ही जागेवर राहतात. नालबंदाची गरज सहा ते आठ आठवड्यांनी पडतेच. मुक्काम त्या हिशेबाने ठरवले, की शेवटच्या क्षणी अनोळखी माणसाच्या हाती खूर द्यावे लागत नाहीत.

रात्रीसाठी तीन पद्धती आहेत. दोन जिवंत झाडांच्या मधोमध घोड्याच्या डोक्यापेक्षा उंच दोर ताणून त्याला घोडे बांधण्याची रीत वनांत सर्वमान्य आहे. सालीला इजा होऊ नये म्हणून झाडाभोवती रुंद पट्टे लावावे लागतात आणि घोड्याचे नाक जमिनीला पोहोचेल पण पाय दोरात अडकणार नाही, इतकीच लांबी सोडायची असते. दुसरी पद्धत ट्रेलरच्या बाजूला लटकवून नेता येणाऱ्या लोखंडी किंवा ॲल्युमिनियमच्या कठड्यांची. तिसरी बॅटरीवर चालणाऱ्या विजेच्या पट्टीची, जी दिवसा चरण्यासाठी उत्तम आहे. पण बुजऱ्या घोडीला रात्री तिच्या भरवशावर सोडू नये, कारण हरणाच्या आवाजाने उधळलेला घोडा ती पट्टी सहज तोडतो. तुमच्यासाठी मी कठडे सुचवेन. वजनाच्या हिशेबात तेही धरा.

हंगामांप्रमाणे सांगायचे, तर वसंतात टेनेसी-केंटकीच्या सीमेवरचे बिग साउथ फोर्क, उन्हाळ्यात साउथ डकोटातल्या कस्टर स्टेट पार्कचा फ्रेंच क्रीक घोडेतळ आणि त्याच्या आसपासचे ब्लॅक हिल्स, शरदात इलिनॉयचे शॉनी राष्ट्रीय वन किंवा टेक्सासमधला पालो ड्युरो, आणि हिवाळ्यात ॲरिझोनातले विकेनबर्ग किंवा फ्लोरिडातला ओकाला परिसर, असा क्रम आम्हाला मानवला आहे. पश्चिमेकडच्या अनेक वनांत तणबीजमुक्त असल्याचे प्रमाणित गवतच नेता येते, म्हणून डॉक्टरांनी सांगितलेला मिसळण्याचा काळ तिथे पोहोचण्याआधीच सुरू करावा लागतो. कस्टरमध्ये गवे मोकळे हिंडतात. घोडा शांत असला तरी शंभर यार्डांच्या आत जाऊ नका.

वाटांबद्दल थोडेसे. वायोमिंगमध्ये लॅरमी ते रॉलिन्सच्या दरम्यान आय-80 वर असा वारा सुटतो, की हलक्या व उंच वाहनांना रस्ता बंद करतात. त्या दिवशी थांबण्याखेरीज पर्याय नसतो, म्हणून अलीकडेच एखादे मैदान हेरून ठेवा. टेटन खिंडीचा चढ 10 टक्क्यांचा आहे आणि हिवाळ्यात तिथे ट्रेलरला बंदी असते. पूर्वेकडे बाल्टिमोरच्या बंदराखालच्या बोगद्यांतून गॅसचे मोठे सिलिंडर नेता येत नाहीत आणि त्यांना पर्याय असलेला की ब्रिज मार्च 2024 मध्ये कोसळला, तेव्हा शहराच्या पश्चिमेकडून वळसा घालूनच जावे लागते. उन्हाळ्यात फॅरनहाइटमधले तापमान आणि हवेतील आर्द्रतेची टक्केवारी यांची बेरीज 150 च्या पुढे जात असेल, तर आम्ही पहाटेच निघून ऊन चढण्याआधी पोहोचतो. 180 च्या जवळ गेली, तर निघतच नाही.

ऑगस्टपर्यंत वेळ आहे. नवा ट्रक घेतला, की भाड्याने किंवा उसना ट्रेलर घेऊन कोलंबसजवळच्याच हॉकिंग राज्य वनात जा. तिथे घोड्यांसाठी वाटा आणि तळ दोन्ही आहेत आणि काही बिनसले तर तास-दीड तासात तुमच्या पागेत परतता येते. घोडीला अंधारात चढवण्याचा सराव तिथेच करून घ्या, आधी घोडा आणि मग ती, ट्रेलरमधला दिवा लावून.